वरचा पाव फेरा

"नाचता येईना, अंगण वाकडं," दादा म्हणाला. आणि म्हणाला तेही भर दुकानात, गणवेशवाल्या बाई समोर उभ्या असताना.

माझ्या टाळक्यातच गेलं. पण बोलणार काय, मागच्या खोलीच्या उघड्या दारातून कॉम्प्युटरचा पडदा निळा पडलेला दिसत होता. शाळेच्या बिल्ल्याची नक्षी मी सकाळपासून त्या कॉम्प्युटरवर आखत होते. दिवा झाला, पुस्तक झालं, खाली शाळेचं ब्रीद घ्यायला लागले आणि तिसऱ्या अक्षरावर सगळं गोठलं. मग निळं, मग काळं, आणि मग आपोआप पुन्हा सुरू. जणू काही घडलंच नाही! मेल्याला लाज म्हणून नाही. त्या दिवसातली ही चौथी वेळ होती.

आमचं दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, सुरू केलेलं. ते गेल्यापासून दादा पुढे काउंटरवर बसतो आणि मी मागच्या खोलीत. बावीस वर्षं झाली. मशीन पुढून येतं, मागे जातं, मी ते उघडते, दोष शोधते, काढते, आणि मशीन परत पुढे जातं. दादा त्यावरून एक फडकं फिरवतो आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, "झालं बघा." निम्म्या गिऱ्हाइकांनी तर माझं तोंडही पाहिलेलं नाही. बाकीचे मला 'त्यांची बहीण' म्हणून ओळखतात. लग्न का केलं नाही, असं विचारायला कोणी आलंच तर त्याला चहा मिळतो, उत्तर मिळत नाही.

आप्पांच्या दोन पद्धती दुकानात अजून चालतात. एक दोषवहीची. काउंटरवर एक जाडजूड वही असते आणि दुरुस्त होऊन गेलेल्या प्रत्येक मशीनची त्यात एक ओळ असते. मशीन कोणाचं, दोष काय होता, कशामुळे झाला, आणि ओळीच्या शेवटी ज्याने दोष शोधला त्याची सही. आप्पा म्हणायचे, खाली सही करायची असली की माणूस थाप मारायला कचरतो. आता झालंय असं की दोष मी शोधते आणि सही दादा करतो. वही पुढे, पेन दादाच्या खिशात, आणि मी मागे तेलात कोपरापर्यंत बरबटलेली. पहिल्या वर्षी मी काही बोलले नाही. मग वाटायला लागलं, आता कुठे बोलायचं. असं करता करता बावीस वर्षं गेली.

दुसरी पद्धत पाव फेऱ्याची. स्क्रू पूर्ण बसला, आता हलत नाही असं वाटलं, की श्वास रोखून वर आणखी पाव फेरा द्यायचा. शिलाई मशीन दिवसभर थरथरतं, त्या थरथरीने स्क्रू ढिले पडतात. पाव फेरा दिलेला पडत नाही. दुसरीकडून दुरुस्त करून आणलेलं मशीन सहा महिन्यांत खडखडायला लागतं, आमचं लागत नाही, याचं सगळं गुपित एवढंच. माझ्या मनगटात तो पाव फेरा इतका मुरलाय की घरात मी बंद केलेली बरणी दुसऱ्या कोणाला उघडत नाही. वहिनी, म्हणजे दादाची बायको, साखरेचा डबा माझ्या हातातून काढून घेते. "वन्सं, तुम्ही बंद करू नका. सकाळी चहा प्यायचाय आम्हाला."

तर कॉम्प्युटर. हल्ली मशीन बिघडलं की लोक नवंच घेतात. दुरुस्तीला येतं ते एखाद्या जुन्या माणसाचं जुनं मशीन. पण भरतकामाची जी नवी मशीनं निघालीत, त्यांना नक्षी कॉम्प्युटरवर आखून द्यावी लागते. टाका कुठून सुरू, कुठे वळतो, कुठे तुटतो, सगळं. टाका म्हणजे काय हे माझ्याइतकं कोणाला कळणार? मी ते काम शिकले. सुटे भाग आणले, पुस्तिका वाचली, आणि कॉम्प्युटर स्वतः जोडला. जे यंत्र मी उघडून पाहिलेलं नाही त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. गणवेशवाल्या बाईंनी पहिलं काम दिलं, आणि मी मागच्या खोलीतलं आप्पांचं टेबल पुसून त्यावर तो मांडला.

आणि नेमकी तीच खोली दादाला हवी होती. नवीन मशीनं विकायची एजन्सी त्याच्या डोक्यात बसली होती, त्याला खोकी ठेवायला जागा पाहिजे. "चिमे, तू आता घरी आराम कर," तो महिनाभर म्हणत होता. मी एकोणपन्नास वर्षांची, मला चिमे म्हणणारा आता जगात हा एकच माणूस उरलाय. आणि आराम हा शब्द मला शिवीसारखा लागतो.

"खरं सांग चिमे," दादा आता म्हणाला, "तुला जमलेलं नाही. कबूल कर. जोडायचं काम कॉम्प्युटरवाल्याचं, आपलं नाही."

"मला जमलंय. माल खराब आहे. रॅमची पट्टी सदोष आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुझ्या काउंटरवर आत्ता जे पसरलंय ना, बिल, कात्री, चष्मा, तसं कॉम्प्युटर हातातलं काम रॅमवर पसरतो. आता तू इकडे वळलास आणि कोणी कात्री पळवली तर तू काय करशील? तसा तो गोंधळतो आणि बंद पडतो. मी काल रॅम तपासायचा प्रोग्रॅम चालवला. लाल ओळींनी पडदा भरला. रॅमच खोटी आहे."

गणवेशवाल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं. "मी शनिवारी संध्याकाळी येते. तोवर नक्षी तयार असेल तर घेऊन जाईन," एवढं म्हणून त्या गेल्या. तो मंगळवार होता.

त्या जाताच दादा काउंटरवर वाकला. "ठीक आहे. मालात दोष निघाला तर खोली तुझी, मी पुन्हा विषय काढणार नाही. पण दोष तुझ्या हातात निघाला, तर शनिवारी खोकी आत. बोल."

"लागली पैज," मी म्हणाले. माझ्या हातात दोष? बावीस वर्षांत मी दुरुस्त केलेलं एकही मशीन परत आलेलं नाही. मला वाटलं, खोली खिशात आली.

बुधवारी रॅमच्या दोन्ही पट्ट्या डब्यात घालून मी कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. तिथल्या मालकाला मी मनातल्या मनात लोणी म्हणते, बोलणं तसंच आहे. भाग घेताना त्याने तीनदा सांगितलं होतं, "मॅडम, आम्ही जोडून देतो ना." मी तीनदा नाही म्हटलं होतं, ते त्याने लक्षात ठेवलं होतं.

"पट्ट्या चांगल्या आहेत, मॅडम," तो म्हणाला. डबा उघडलासुद्धा नव्हता.

"न बघता कळलं?"

"या कंपनीच्या खराब निघत नाहीत. तुम्ही हाताळल्या कशा त्यावर असतं. हे काही शिलाई मशीन नाही ना. घरातलं कोणी... भाऊ वगैरे येऊ शकतील का? त्यांना समजावून सांगतो."

झालं! मी काय बोलले ते सगळं इथे सांगत नाही. भाऊ येऊन काय करणार, त्याला घरातला दिवासुद्धा बदलता येत नाही, हे बोलले. सदोष माल विकून वर बाईमाणसाला शहाणपण शिकवता, हेही बोलले. दुकानात सात-आठ माणसं होती, ती सगळी हातातलं सोडून ऐकत होती. लोण्याचे कान लाल झाले. शेवटी त्याने जुन्या पट्ट्या ड्रॉवरमध्ये टाकल्या, कपाटातून नवीन जोडी काढली आणि माझ्यापुढे ढकलली. मी ती घेतली आणि ताठ मानेने बाहेर पडले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं गुरुवारी सकाळी नऊपर्यंत टिकलं. नवीन पट्ट्या बसवल्या, तपासणीचा प्रोग्रॅम लावला, आणि दहा मिनिटांत पडदा पुन्हा लाल.

मी स्टुलावर बसून राहिले. नवी जोडीही खराब? एक खराब निघेल, दोन निघतील. पण चारच्या चार?

वहिनी चहा घेऊन आली. तिने पडदा पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि दुसरं स्टूल ओढलं. "वन्सं, मशीन खडखडतं तेव्हा तुम्ही काय करता?"

"एका वेळी एकच गोष्ट बदलते. आणि काय झालं ते लिहिते."

"मग इथे का नाही करत? ते काय राजघराण्यातलं आहे?"

बरोबर बोलली. मी रागाच्या भरात दोन्ही पट्ट्या एकदम बदलल्या होत्या, आणि एखाद्या शिकाऊ पोराने असं केलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. मी वहिनीची नखांची लाली मागितली. एका पट्टीला एक ठिपका दिला, दुसरीला दोन. मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या मोठ्या हिरव्या पाटीवर, रॅमसाठी दोन जागा होत्या. एक प्रोसेसरला चिकटून, एक जरा लांब. तिथे खडूने 'जवळची' आणि 'लांबची' लिहिलं. मग एकेक पट्टी, एकेक जागा. वहिनी कागदावर लिहीत होती. मध्येच दादा डोकावला, म्हणाला, "काय नखं रंगवताय का दोघी?" वहिनीने त्याच्याकडे न बघता दार लोटलं.

संध्याकाळपर्यंत कागद भरला. एका ठिपक्याची पट्टी लांबच्या जागेत: निर्दोष. दोन ठिपक्यांची लांबच्या जागेत: निर्दोष. एका ठिपक्याची जवळच्या जागेत: लाल. दोन ठिपक्यांची जवळच्या जागेत: लाल.

वहिनीने कागद माझ्यापुढे धरला. ती कॉम्प्युटरमधलं काही शिकलेली नाही, पण मूर्ख नाही. "वन्सं, पट्ट्या चांगल्या आहेत की हो. जागा खराब आहे."

"दिसतंय मला."

"म्हणजे तुम्ही त्या दुकानदाराला..."

"दिसतंय म्हटलं ना!"

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, तीही भर चौकात. तरी मनात एक आशा होती. जागा खराब म्हणजे मदरबोर्ड खराब, आणि मदरबोर्डही मालच. पैज अजून माझीच. त्या आशेवर मी घरी गेले, जेवले, पण झोप काही धड लागली नाही.

शुक्रवारी सकाळी मी दुकान उघडायच्या आधीच खोलीत होते. मदरबोर्ड खराब म्हणायचा तर तो आधी नीट पाहायला हवा. शिलाई मशीनची खालची सपाट बैठक वाकलीय का ते बघायला आमच्याकडे आप्पांची स्टीलची फूटपट्टी आहे. ती उभी धरायची, पलीकडे बॅटरी लावायची, आणि फटीतून उजेड येतो का बघायचं. मी सवयीनेच ती फूटपट्टी रॅमच्या जागांच्या कडेने मदरबोर्डवर टेकवली आणि मागून बॅटरी लावली.

लांबच्या जागेपाशी उजेड नव्हता. जवळच्या जागेपाशी उजेडाची एक बारीक रेघ होती. केसाएवढी, पण होती. पाटी वाकली होती.

मग नजर आपोआप शेजारी गेली. प्रोसेसर थंड ठेवणारा मोठा पंखा, आणि तो पाटीवर दाबून धरणारे चार स्क्रू. प्रत्येक स्क्रूभोवती एक स्प्रिंग. पुस्तिकेत त्या स्प्रिंगांमध्ये फट दाखवली होती. माझ्या चारही स्प्रिंगा दबून चपट्या झाल्या होत्या. आणि त्यावर, मला चांगलं आठवत होतं, श्वास रोखून, एकेक करून, मी पाव फेरा दिला होता.

"अगं बाई," मी मोठ्याने म्हणाले.

जे यंत्र थरथरतच नाही, त्यालाही मी पाव फेरा दिला. आप्पांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाशिवाय ही चूक जगात दुसऱ्या कोणाला जमली नसती. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते मीच वाकवलं होतं.

तरी खात्री केल्याशिवाय मी कोणाला फासावर देत नाही, स्वतःलाही नाही. रॅमला हात लावला नाही, दुसरं काही बदललं नाही. चारही स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने अर्धा फेरा मागे घेतले आणि तपासणी लावली. आधी शेकड्यांनी लाल ओळी यायच्या, आता अकरा आल्या. आणखी अर्धा फेरा मागे. तपासणी पूर्ण झाली तेव्हा वहिनी माझ्या खांद्यामागे उभी होती.

लाल ओळी: शून्य. फूटपट्टी लावली. उजेड नाही.

मी तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली, पोट धरून हसली. "अति तिथे माती, वन्सं! साखरेच्या डब्यावर माझ्या बोटांची सालं निघाली, तेव्हा मी सांगत होते!" मग तिचं हसू थांबलं आणि तिने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "ह्यांना यातलं काही माहीत नाही. ह्यांना वाटेल नवीन पट्ट्यांनी काम झालं. मी काही बोलणार नाही. खोलीची किल्ली घ्या आणि गप्प बसा."

खरं सांगते, मला ते पटलं होतं.

दुपारी आधी लोण्याकडे गेले. दुकानात पुन्हा गर्दी होती. बरंच झालं. ओरडले होते गर्दीत, तर हेही गर्दीतच व्हायला हवं.

"तुमच्या त्या पहिल्या पट्ट्या चांगल्या आहेत," मी म्हणाले. "खराब म्हणून कंपनीला परत पाठवू नका. मी पंखा नको इतका आवळला होता, त्याने बोर्ड वाकला. मी इथे ओरडले ते चुकलं."

त्याच्या चेहऱ्यावर लोणी पसरायला लागलं. "मी म्हणालोच होतो मॅडम, की..."

"तुम्ही डबा न उघडता म्हणाला होतात. तुमचं उत्तर बरोबर आलं ते नशिबाने. माझं चुकलं ते मी शोधून काढलं. आणि माझा भाऊ आला असता तर अजून तुम्ही दोघं चहाच पीत बसला असतात."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. लोणी पुढे वाकून म्हणाला, "बोर्ड वाकलाय हे कळलं कशाने?" मी फूटपट्टी आणि बॅटरीचं सांगितलं. त्याने ते एका चिठ्ठीवर लिहून घेतलं. मला मॅडम म्हणायचं तो तेव्हा विसरला होता.

शनिवारी दुकान उघडलं आणि मी कॉम्प्युटर लावला. एकीकडे बिल्ल्याची नक्षी, एकीकडे सरावाच्या मोठमोठ्या नक्ष्या मुद्दाम उघडून ठेवलेल्या. बघू कुठे अडखळतो. दादा तासातासाला डोकावत होता. अकरा, बारा, एक. जेवण झालं. तीन, चार. दिवा झाला, पुस्तक झालं, ब्रीद झालं, तिसरं अक्षर झालं आणि शेवटचंही झालं. एकदाही निळं नाही. पाच वाजता मी नक्षी पेनड्राइव्हवर घेतली आणि पुढे आले.

दादा काउंटरवर बसला होता. त्याच्यासमोर दोषवही उघडी होती आणि वहीवर खोलीची किल्ली.

"शब्द म्हणजे शब्द," तो म्हणाला. त्याला आनंद झाला नव्हता, पण शब्दाला तो पक्का आहे, हे मान्य करायला हवं. "घे. पट्टी खराब होती, तू म्हणालीस तसं. आप्पांची पद्धत, वहीत लिहून टाकतो." आणि त्याने खिशातलं पेन काढलं आणि लिहायला लागला. मशीन: कॉम्प्युटर, स्वतःचा. दोष: मध्येच बंद पडणे. कारण: रॅमची...

मी किल्ली उचलली होती. मुठीत होती. वहिनी पलीकडून डोळ्यांनी सांगत होती, गप्प. एक मिनिट गप्प बसले असते तर आप्पांची खोली जन्माची माझी होती. आणि मी बसले असते हो! गप्प बसायला मला बावीस वर्षांची सवय आहे. पण दादाचं पेन ओळीच्या शेवटाकडे सरकलं, सहीच्या जागेकडे, आणि माझं माथं फिरलं. मी हुडकलेला हाही दोष हा माणूस आपल्या सहीने गिळणार होता, आणि वर तो खोटा!

"थांब," मी म्हणाले. "पेन दे."

"काय?"

"पेन दे म्हणते ना."

त्याने दिलं, बहुधा घाबरून. मी त्याचं 'रॅमची' खोडलं आणि लिहिलं. कारण: पंख्याचे स्क्रू अति आवळले, त्याने बोर्ड वाकला. आवळणारी: मी. शोधणारी: मी. दुरुस्त करणारी: मी. आणि शेवटी माझं पूर्ण नाव, आडनावासकट, सहीच्या जागेत. ते त्या वहीत पहिल्यांदा येत होतं, आणि आपली चूक असं कारणही त्या वहीत पहिल्यांदाच येत होतं. दोन हजार ओळी आहेत, सगळीकडे दोष गिऱ्हाइकाचा नाहीतर कारखान्याचा.

दादाने वाचलं. पुन्हा वाचलं. "म्हणजे तुझ्याच हातात..."

"माझ्याच हातात."

"अगं, मग हे लिहिलंस कशाला? खोड ते! कोणी वाचलं तर दुकानाचं नाव जाईल."

"जाऊ दे. पैज मी हरले." मी किल्ली वहीवर ठेवली. "खोली तुझी. खोकी आण. आता मागची पानं काढ."

"कशाला?"

"काढ तर. बावीस वर्षं. प्रत्येक ओळीच्या शेवटी तुझी सही आहे. यातला एक दोष दाखव, जो तू शोधलास. एक! मी आत्ता घरी जाते आणि तू म्हणशील तसा आराम करते."

त्याने पान उलटलं. आणखी एक उलटलं. दादा लबाड नाही, हेच तर त्याचं दुर्दैव. पाचव्या पानावर त्याचा हात थांबला. मला वाटलं होतं, हा क्षण आला की मला हसू येईल. रडूच आलं.

"मी कधी तसं मनात आणून..." तो म्हणाला.

"माहीत आहे मला. पण सही तर केलीस ना? आप्पांचा नियम काय? शोधेल त्याची सही. आणि वही कुठे असते? पुढे. म्हणजे मी कुठे बसायला हवं?"

मी उत्तरासाठी थांबले नाही. मागे गेले, वायर काढल्या, आणि आप्पांच्या टेबलाचं एक टोक धरलं. दुसरं टोक कोणी धरलं म्हणून पाहिलं, तर वहिनी. "सावकाश, वन्सं," ती म्हणाली, "आणि पुन्हा जोडताना स्क्रूला मी हात लावणार."

टेबल आम्ही थेट पुढे आणलं, दारासमोर, काउंटरला लागून. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसेल असं. दादा खुर्चीत बसून बघत होता.

"इथे? चिमे, इथे मी बसतो."

"दोघं मावू. सरक."

तो सरकला. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. मी कॉम्प्युटर मांडला, वायर जोडल्या, बटण दाबलं. चालू झाला. तेवढ्यात गणवेशवाल्या बाई दारात आल्या, आणि त्यांच्या मागोमाग एक म्हातारे गृहस्थ, काखेत जुनं शिलाई मशीन धरून. बाईंनी पडद्यावरची नक्षी पाहिली, ब्रीद अक्षर अक्षर वाचलं, आणि पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला. "पुढचं काम सोमवारी आणते," त्या म्हणाल्या, दादाला नाही, मला.

गृहस्थांनी मशीन काउंटरवर ठेवलं. "टाका सुटतोय हो. कोण बघतं इथे?"

दादाने वर्षानुवर्षांच्या सवयीने वही पुढे ओढली आणि शर्टाचा खिसा चाचपला. मग दुसरा खिसा. मग माझ्याकडे पाहिलं.

"पेन?" तो म्हणाला.

"माझ्याकडे आहे," मी म्हणाले, आणि मशीन माझ्या बाजूला ओढून घेतलं.